अजपांची विद्या आणि शेळीचा खुराक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, वनौषधींची नावे आणि रूपे जाणणाऱ्यांची एक लहानशी यादी आहे. या यादीत पहिले नाव अजपांचे, म्हणजे शेळ्या राखणाऱ्यांचे आहे. मेंढपाळ, गुराखी आणि इतर वनवासी त्यांच्या मागून येतात. वैद्यकाच्या आद्य ग्रंथाने रानातल्या शेळीवाल्याला दिलेला हा मान लहान नव्हे. परंतु संहिताकार तेथेच थांबत नाहीत. नाव कळले, रूप ओळखले, एवढ्याने औषधीचे ज्ञान पुरे होत नाही. देश, काळ आणि ज्याला ती द्यावयाची तो जीव पाहून तिची योजना ज्याला करता येते तोच खरा जाणकार, असे ते लगेच बजावतात.

हे जुने वचन आज आठवण्यास कारण आहे. पशुखाद्याच्या दुकानांत शतावरी, जीवंती, मेथी यांची चूर्णे आणि अनेक वनस्पतींची मिश्रणे शेळ्यांसाठी पूरक खाद्य म्हणून विकली जातात. बकरी वेळेवर माजावर यावी, जुळी करडे व्हावीत, दूध वाढावे, अशा आशेने ती घेतली जातात. शेळीपालन हा आता किरकोळ धंदा राहिलेला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील शेळ्यांची संख्या १४ कोटी ८८ लाखांच्या घरात होती आणि त्यांपैकी १ कोटी १० लाखांहून अधिक एकट्या मध्य प्रदेशात होत्या. तेव्हा वनस्पतींचा हा खुराक कोठून आला, त्यात जुने किती आणि नवे किती, आणि आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या परिसराचा त्याच्याशी काय संबंध, हे तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम प्राचीनांचा विचार पाहू. सुश्रुताने आणि त्यानंतर वाग्भटाने शेळीच्या दुधाची थोरवी सांगितली आहे. ते दूध हलके असून क्षय, ज्वर, श्वास, अतिसार यांवर हितकर आहे, असे त्यांचे मत. यासाठी त्यांनी दिलेली कारणे मोठी मार्मिक आहेत. शेळी कडू-तिखट पाला खाते, पाणी थोडे पिते आणि दिवसभर हिंडते, म्हणून तिचे दूध असे असते, असे ते म्हणतात. म्हणजे दुधाचा गुण चाऱ्यातून येतो, ही कल्पना या ग्रंथकारांनी स्पष्ट मांडली होती. शेळीला औषधी वनस्पती खाऊ घालण्यामागचा विचार आजच्या कारखान्यांनी शोधून काढलेला नाही. तो किमान दीड हजार वर्षांचा आहे. फरक इतकाच की, त्या काळी शेळीला कोणी औषध चारीत नव्हते, ती आपले औषध आपणच हुडकीत असे.

दुसरी गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. घोड्यांसाठी शालिहोत्र झाले, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद झाला. राजाच्या सैन्यात ज्या पशूंचे मोल होते त्यांच्या चिकित्सेला ग्रंथ लाभले. घोड्यांच्या वैद्याला मराठी अमलात आणि पुढे इंग्रजीतही साळोत्री हेच नाव राहिले. शेळीच्या वाट्याला तशी प्रतिष्ठा आली नाही. तिची चिकित्सा तिला राखणाऱ्याच्या तोंडी राहिली, आणि तोंडी असलेली विद्या माणसाबरोबर संपते.

आमच्या भागात ही विद्या कोणाकडे होती, हे आमच्या इतिहासावरूनच कळते. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले आणि घाटाखालच्या या काळ्या जमिनीवर मराठी कुटुंबांची वस्ती वाढत गेली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात गावोगाव मालगुजारी हक्क कायम झाले. जमीन, लेखणी आणि वहीखाते नव्या-जुन्या मालगुजार घराण्यांकडे आले. रान आणि रानातली गुरे राखण्याचे काम गोंड, गोवारी आणि धनगर यांच्याकडे राहिले. बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाचा जो वाजिब-उल-अर्ज तयार झाला त्यात निस्तार, म्हणजे गावकऱ्यांनी रानातून काय घ्यावे आणि कोणाची गुरे कोठे चरावीत, हे लिहिले गेले. जळाऊ लाकूड, गवत, चराई यांच्या हक्कांची ही नोंद मोलाची आहे. तथापि कोणत्या महिन्यात बकरी कोणत्या झाडाखाली न्यावी आणि कोणत्या झाडापासून दूर ठेवावी, हे त्या कागदांत सापडावयाचे नाही. ज्यांच्याजवळ कागद होते त्यांच्याजवळ ही विद्या नव्हती आणि ज्यांच्याजवळ विद्या होती त्यांच्याजवळ कागद नव्हते.

ती विद्या समजण्यासाठी शेळीचा स्वभाव समजावा लागतो. गाय मान खाली घालून गवत चरते. शेळी मान वर करून पाला ओरबाडते. बोर, बाभूळ, धावडा, अंजन, पळस, कडुनिंब अशा दहा ठिकाणी ती तोंड घालते आणि एकाही ठिकाणी पोट भरीत नाही. या चंचलपणात मोठा शहाणपणा आहे. झाडपाल्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ते थोडे असले तर चाऱ्यातील प्रथिने पहिल्या पोटात वाया जाऊ देत नाही आणि जंतांनाही आवर घालते. फार झाले तर मात्र पचनच मंदावते. थोडे थोडे, अनेक झाडांचे खाल्ल्याने शेळी लाभ घेते आणि बाधा टाळते. अमेरिकेतील यूटा येथील संशोधक फ्रेड प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्या-मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, जंतांनी पीडलेले जनावर तुरट चारा अधिक पसंत करू शकते. अजपाला हे शब्द ठाऊक नव्हते, पण कळप कोणत्या झाडाकडे ओढ घेतो हे तो पाहत असे आणि त्यावरून कळपाची प्रकृती ताडीत असे.

आता पैदाशीच्या बकरीकडे वळू. तिच्या वर्षात चार काळ येतात: माजापूर्वीचा, गाभणपणाचा, विण्याचा आणि दुधाचा. वनस्पतींच्या खुराकाचा सारा प्रश्न या चार काळांचा आहे. जी वनस्पती एका काळात उपकारक ती दुसऱ्या काळात अपायकारक ठरू शकते. चरकाने सांगितलेली योजना ती हीच.

माजापूर्वी दोन-तीन आठवडे बकरीला चांगला खुराक दिला तर ती वेळेवर माजावर येते आणि जुळ्यांचा संभव वाढतो, हे आजचे पशुशास्त्र सांगते. जुन्या व्यवस्थेत हे काम बाभळीच्या शेंगा, मोहाची फुले आणि पावसाळ्यातला कोवळा पाला करीत असे. गोठ्यात त्याच्या जोडीला तुरीचे कुटार आणि मूठभर दाणा येई. येथे मुख्य उपकार पोषणाचा आहे. अंगावर मांस नसलेल्या बकरीला केवळ चूर्णाने माज येत नाही. ऊर्जा, प्रथिने आणि क्षार मिळाल्यावरच वनस्पतींचा थोडाबहुत उपयोग होतो. पुड्यांच्या जाहिरातींत हा क्रम बहुधा उलटा झालेला आढळतो.

गाभणपण सुमारे १५० दिवसांचे असते. त्याच्या आरंभी गर्भ नाजूक असतो आणि शेवटच्या सहा आठवड्यांत तो झपाट्याने वाढतो. याच काळात जंतांचा प्रश्न सर्वांत बिकट होतो. शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषणारा हिमाँकस नावाचा कृमी पावसाळ्यात फार माजतो. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते आणि विण्याच्या सुमारास बकरीची प्रतिकारशक्ती उतरली की तो अधिकच बळावतो. म्हणून जंतनाशक द्यावे लागते. आमच्याकडे यासाठी परंपरेने प्रसिद्ध असलेले औषध म्हणजे पळसपापडी, पळसाच्या चपट्या बिया.

पळस आमच्या लोकांस वेगळा सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावच्या मधोमध जे झाड रोवले जाते आणि ज्याच्यासाठी गोटमार होते, ते पळसाचेच. होळीच्या सुमारास केशरी दिसणारे हे झाड माणसांच्या आणि गुरांच्या कृमींवर शतकानुशतके वापरले गेले. आधुनिक रसायनशास्त्राने त्याच्या बियांतून पॅलासोनिन नावाचे कृमिनाशक द्रव्य वेगळे काढले आणि परंपरेला दुजोरा दिला. परंतु त्याच बियांतून ब्यूटिन नावाचे आणखी एक द्रव्य मिळाले आणि ते गर्भधारणेस बाधक असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. म्हणजे जी पळसपापडी रिकाम्या बकरीचे जंत पाडील, ती नुकत्याच गाभण राहिलेल्या बकरीला देणे धोक्याचे आहे. कारखान्यात तयार झालेल्या औषधाचीही हीच कथा आहे. अल्बेंडाझोल हे सर्वत्र वापरले जाणारे जंतनाशक गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, असे पशुवैद्य बजावतात. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी आणि रसायन म्हणजे घातक, ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. औषध वनस्पतीचे असो की कारखान्याचे, त्याला काळ पाहावाच लागतो.

विण्याच्या वेळी वार लवकर पडावी म्हणून बांबूचा पाला चारण्याची रीत भारताच्या अनेक भागांत आहे. करडाला चीक वेळेवर मिळावा, हे मात्र कोणत्याही पाल्याहून महत्त्वाचे. त्यानंतर दुधाचा काळ येतो आणि येथे घरातली बाळंतीण व गोठ्यातली बकरी यांच्या खुराकात नवल वाटावे इतके साम्य दिसते. मेथी, बाळंतशेपा, ओवा, गूळ, अळीव हे जिन्नस दोघींनाही चालतात. मेथीने शेळीचे दूध वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. आमच्या घरांत मेथीचे लाडू प्रसूतीनंतर देण्याची चाल आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत गाभणपणी मेथीची मोठी मात्रा अपायकारक ठरली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चालीमागचा काळाचा विवेक कळतो.

शतावरी आणि जीवंती यांची कीर्ती याहून मोठी. दोन्ही स्तन्यवर्धक म्हणून आयुर्वेदात मान्य आहेत. शतावरीने दूध वाढल्याचे काही प्रयोगांत आढळते, काहींत फरक नगण्य दिसतो. जनावर, मात्रा आणि मूळचा आहार यांनुसार निष्पत्ती बदलते. शिवाय शतावरीचे औषध तिच्या मुळांत असते आणि मुळे खणली की वेल जातो. सातपुड्याच्या रानांतून ती बेसुमार खणली गेली आहे. घरच्या कुंपणाला लावलेल्या शतावरीची गोष्ट वेगळी. पण रानातली शतावरी खणून बकरीला चारणे, हा रानाचा ऱ्हास करून दूध मिळविण्याचा प्रकार आहे. त्या मानाने शेवग्याचा आणि हादग्याचा पाला अधिक शहाणपणाचा, कारण फांदी छाटली की पुन्हा फुटते आणि प्रथिनेही भरपूर मिळतात.

येथे प्रश्न उभा राहतो की, जे रानात आपोआप मिळत होते ते पुड्यांत भरून विकत घेण्याची वेळ कशी आली? याचे उत्तर वनस्पतिशास्त्रापेक्षा महसुलाच्या इतिहासात आहे. १८७८ च्या वनकायद्याने सरकारी जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी विभागणी झाली. शेळी कोवळे फुटवे खाते म्हणून वनखात्याची तिच्यावर प्रथमपासून वक्रदृष्टी होती. मालगुजारी रानांत निस्ताराच्या आधारे ती चरत राहिली. ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली, ती राने सरकारजमा झाली आणि १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनेही शेळ्यांच्या चराईविषयी कडक भूमिका घेतली. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. परंतु त्या व्यवस्थेबरोबर गावच्या रानाचा जवळचा राखणदारही गेला. १९८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने रानांच्या ऱ्हासाचे खापर शेळीवर फोडण्यास पुरेसा आधार नसल्याचे मत दिले; पण तोपर्यंत बरेच पाणी वाहून गेले होते. इकडे आमच्या शिवारांत संत्र्याच्या बागा वाढल्या, बांध आणि पडीत कमी झाले, बागांभोवती कुंपणे आली. फवारणी केलेल्या बागेतील पालाही बकरीला निर्धोक राहिला नाही. बकरी दावणीला बांधली गेली, आणि जी वीस झाडांचा पाला निवडून खात होती तिला कुटार आणि ढेप यांवर राहावे लागले. आजचे पूरक खाद्य हे एका अर्थी त्या हरवलेल्या रानाची गव्हाणीत आणलेली सावली आहे.

दावणीच्या शेळीला एकाच झाडाचा पाला भरपूर घातला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण सुबाभळीचे. मूळची मध्य अमेरिकेतील ही वनस्पती मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचन येथील बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी आपल्याकडे नेटाने पसरविली. पाला पौष्टिक, वाढ वेगाची. परंतु तिच्यात मिमोसिन नावाचे विष असते. पाला अति झाला तर केस गळतात, गलग्रंथी सुजते आणि गर्भधारणेवरही अनिष्ट परिणाम होतो. ऑस्ट्रेलियातील गुरांना याचा फार त्रास होई. तेथील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले की, हवाई बेटांवरील शेळ्या हाच पाला खाऊन धडधाकट राहतात. त्या शेळ्यांच्या पोटातील जिवाणू हे विष पचवितात, असे त्यांनी दाखवून दिले. १९८० नंतरच्या वर्षांत ते जिवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडण्यात आले आणि त्रास थांबला. पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून नाव मिळाले. यावरून इतके कळते की, वनस्पतीचा गुण केवळ वनस्पतीत नसतो. ती खाणाऱ्या जनावराच्या पोटात, त्याच्या सवयीत आणि मुलखातही असतो. यासाठीच सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक असू नये, असा सल्ला दिला जातो.

जगाचे लक्ष या विषयाकडे वळण्यास आणखी एक निमित्त झाले. जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली आणि त्यांची जागा वनस्पती घेतील काय, याचा शोध सुरू झाला. जंतनाशक औषधांना कृमी दाद देईनासे झाल्याने त्या शोधास बळ मिळाले. मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय बकरी अनुसंधान संस्थेनेही शेळ्यांसाठी वनस्पतिजन्य औषधांवर काम केले आहे. पशुपालकांच्या तोंडची विद्या कागदावर आणण्याचे काम महाराष्ट्रात पुण्याच्या ‘अंतरा’ या संस्थेने केले. १९९० नंतर स्त्री पशुवैद्यांनी उभारलेल्या या संस्थेने गावोगाव फिरून पशुपालकांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, वनस्पतींचे उपयोग टिपून घेतले आणि ते पारखून पाहिले. स्त्रियांकडून, हे मुद्दाम सांगावयास हवे, कारण घरच्या दोन-चार बकऱ्यांचे बाळंतपण बहुतेक ठिकाणी त्याच करतात.

आमच्या परिसरात असे काम व्हावे, अशी आमची इच्छा आहे आणि त्यासाठी नवी संस्था काढावयास नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समितीची आणि लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, त्यामुळे कचेरीही आता जवळ आहे. या नोंदवहीत झाडाचे नाव लिहून भागणार नाही. झाडाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती, माजापूर्वी की विल्यानंतर, आणि कोणत्या बकरीला मुळीच देऊ नये, असे सारे लिहिले पाहिजे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने त्याच नोंदीत यावे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या बंधनातून मोकळे केले आहे. सुश्रुत-वाग्भटांचे ज्ञान सर्वांचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु गोंड वा गोवारी म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या नावावर राहिली तरच तिचे श्रेय आणि लाभ त्याच्या गावाला मागता येईल.

जुन्या मराठी घराण्यांनी यात हात लावावा, असे आम्हास वाटण्याचे कारण साधे आहे. अनेक घरांत वाजिब-उल-अर्जाच्या नकला, मालगुजारीच्या वह्या आणि रानांचे नकाशे अजून असतील. कोणते रान कोठे होते, त्यात निस्तार कोणाचा होता, कळप कोणत्या वाटेने जाई, हे त्या कागदांतून काढता येईल. आणि त्या रानात बकरी काय खात होती, हे सांगणारी माणसे, थोडी का होईनात, गावांत अजून आहेत. त्यांपैकी बहुतेकांची मुले आता कारखान्यांत आणि बागांत कामाला जातात. कागद आणि तोंडी विद्या यांची गाठ एकदा पडली तर पशुवैद्यास पारखण्यासारखे पुष्कळ हाती लागेल. त्यातील काही खरे ठरेल, काही टाकून द्यावे लागेल. पावसाळ्यापूर्वी, बकऱ्या माजावर येण्याच्या आधी, एखाद्या गावापासून आरंभ करता आला तर तो योग्य काळ होईल.